यूव्हीनंतरही ‘जिवंत’ दिसणारे ऊसिस्ट: अहवालात काय लिहायचे?

पत्र

मी बडोद्यात एका खासगी अन्न-पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमचा एक ग्राहक कोथिंबीर, पुदिना, मेथी निवडून, धुऊन पाकिटांत भरतो आणि दुकानांना पुरवतो. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरतो आणि ते यूव्ही (अतिनील किरणांच्या) यंत्रातून घेतो. यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा लिटर पाणी आम्ही तपासले. दोन्हींत क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचे ऊसिस्ट, म्हणजे त्याची कवचबंद अवस्था, सापडले. डॅपी आणि प्रोपिडियम आयोडाइड हे रंग लावून पाहिले, तर आधीच्या पाण्यात दहापैकी आठ आणि नंतरच्या पाण्यात दहापैकी सात जिवंत दिसले. ग्राहक म्हणतो, यंत्राचे पैसे पाण्यात गेले. विक्रेता म्हणतो, तुमची तपासणीच चुकली. खरे कोणाचे मानायचे? जिवंत-मृत ऊसिस्ट डीएनएवरून ओळखणाऱ्या पीएमए-पीसीआर चाचणीचे किट घ्यावे का? आणि पाला क्लोरीनच्या पाण्यात धुतला तर प्रश्न मिटेल का?

– एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर

ताई, तुमच्या आकड्यांवरून यंत्र निकामी ठरत नाही आणि ते नीट चालते आहे असेही ठरत नाही. कारण तुम्ही वापरलेल्या रंगांना यूव्हीचे काम दिसतच नाही. ऊसिस्ट जिवंत आहे का हा एक प्रश्न आणि तो माणसाला आजारी पाडू शकतो का हा दुसरा. कोणती चाचणी लावायची हे ऊसिस्ट कशाने मारायचा प्रयत्न झाला त्यावर ठरवावे लागते. उष्णतेला चालणारी चाचणी यूव्हीला चालत नाही.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी. विष्ठेतून तो ४ ते ६ मायक्रॉनच्या, जाड कवचाच्या ऊसिस्टच्या रूपात बाहेर पडतो. प्रत्येक ऊसिस्टच्या आत चार स्पोरोझोइट असतात. गिळल्यावर जठराचे आम्ल, अंगाची ऊब आणि पित्त मिळाले की कवच उघडते, स्पोरोझोइट बाहेर येऊन आतड्याच्या पेशींत शिरतात आणि तिथे वाढतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात गाळलेल्या आणि क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख ३ हजार लोक यानेच आजारी पडले.

आता तुमचे रंग. प्रोपिडियम आयोडाइड पटल फाटलेल्या ऊसिस्टमध्येच शिरतो आणि आतले लाल करतो. डॅपी शाबूत ऊसिस्टच्या केंद्रकांना निळा रंग देतो. म्हणजे निळा दिसतो पण लाल नाही, याचा अर्थ एवढाच की पटल धड आहे. यूव्ही पटलाला हात लावत नाही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डीएनएवर पडतो, शेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात आणि परजीवीला स्वतःची प्रत काढता येत नाही. असा ऊसिस्ट लाल होत नाही, पित्तक्षार दिले तर उघडतोसुद्धा, त्यातून हलणारे स्पोरोझोइट बाहेर येतात, पण पुढे वाढ नाही. जुनी मटकी भिजवली की टपोरी फुगते आणि मोड मात्र येत नाहीत, तसे हे आहे.

या रंगांच्या आणि कवच उघडण्याच्या चाचण्यांवर विसंबून कित्येक वर्षे क्रिप्टोवर यूव्ही चालत नाही असेच धरले जात होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवजात उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा उलट निघाले: अगदी थोडा यूव्हीही पुरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यात हजार ऊसिस्टांतला एकच संसर्गक्षम उरावा यासाठी १२ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आणि दहा हजारांत एक उरावा यासाठी २२ मिलिज्यूल एवढी मात्रा दिली आहे. पिण्याच्या पाण्याची चांगली यंत्रे साधारण ४० मिलिज्यूल धरून बनवतात. ऊसिस्ट आपल्या डीएनएची थोडीफार दुरुस्ती करतो हेही दिसले आहे, पण त्याने त्याची संसर्गक्षमता परत येत नाही.

आकड्यांकडेही एकदा पाहा. दहापैकी आठ म्हणजे ८० टक्के असे आपण लिहून टाकतो. पण नमुना दहाचा असताना खरे प्रमाण ४४ ते ९७ टक्क्यांत कुठेही असू शकते. दहापैकी सातला ते ३५ ते ९३ टक्के येते. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. रंग योग्य असता तरी या दोन निकालांत फरक आहे किंवा नाही यातले काहीच सांगता आले नसते. शून्य निघाले तर ३ ला मोजलेल्या संख्येने भागायचे. दहापैकी एकही जिवंत नाही, तरी तीस टक्क्यांपर्यंत जिवंत असण्याची शक्यता उरते. हजारातला एकच उरला असे दाखवायचे तर निदान तीन हजार ऊसिस्ट तपासावे लागतात. बोअरच्या दहा लिटरमधून तेवढे मिळणार नाहीत आणि मिळू नयेत.

रंगांची चाचणी टाकाऊ आहे असे मात्र नाही. उष्णता, गोठवणे, वाळणे यांनी पटल फाटते, तिथे ती बऱ्यापैकी खरी ठरते. क्लोरीन आणि ओझोन यांच्या बाबतीत ती जिवंतांचा आकडा फुगवते, म्हणून तिथे हात राखून वाचावी. यूव्हीसाठी ती वापरूच नये.

जिथे वापराल तिथे रीत सांभाळा. ऊसिस्ट आधी पीएच २.७५ च्या आम्लयुक्त हँक्स द्रावणात (हे एक क्षारद्रावण) ३७ अंशांवर तासभर ठेवा. हे टाळले तर काही धडधाकट ऊसिस्ट डॅपीही घेत नाहीत आणि ते कोणत्या रकान्यात टाकायचे हा घोळ होतो. मग धुऊन १०० मायक्रोलिटर नमुन्यात मिथेनॉलमधला डॅपी, २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मायक्रोलिटर, आणि बफरमधला प्रोपिडियम आयोडाइड, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मायक्रोलिटर घाला. ३७ अंशांवर दोन तास अंधारात. शंभर तरी मोजा. सोबत ७० अंशांवर अर्धा तास तापवून मारलेले ऊसिस्ट ठेवा. ते सगळे लाल झाले नाहीत तर त्या दिवशीचे निकाल बाद.

खरी गडबड बहुतेक वेळा रंगाच्या आधीच होते. ऊसिस्ट चुंबकीय मण्यांनी पकडल्यावर ते मण्यांपासून कसे सोडवता हे तपासा. जास्त ऊसिस्ट हाती लागावेत म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या १६२३.१ या पद्धतीत ८० अंशांवर दहा मिनिटे तापवून सोडवण्याची मुभा आहे. संख्या मोजायची असेल तर ते उत्तम. पण ८० अंशांवर सगळेच मरतात, मग जिवंत-मृत पाहण्यात अर्थ काय? जिवंतपणा पाहायचा असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडवा आणि लगेच उदासीन करा. दुसरी चूक, स्लाइडवर मिथेनॉल टाकून वाळवणे आणि मग रंग लावणे. मिथेनॉलने पटल सैल होते आणि सगळेच लाल दिसते. तिसरी, नमुना फ्रीझरमध्ये जाणे. पाणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गोठू देऊ नका. तुमच्याकडे दहापैकी सात-आठ निळे राहिले त्यावरून तापवणे आणि मिथेनॉल या दोन चुका घडल्या नसाव्यात. तुमच्या हाताचे काम नेटके आहे.

संसर्गक्षमता खरोखर मोजायची तर परजीवीला वाढायला जागा द्यावी लागते. आज त्यासाठी व्यवहार्य मार्ग पेशीसंवर्धनाचा. माणसाच्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळवलेल्या एचसीटी-८ नावाच्या पेशी आठ खणांच्या स्लाइडवर ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. पेशींचा थर जवळपास सलग झाला, की ऊसिस्ट टाकायचे. त्याआधी ऊसिस्टना बर्फावर दहा मिनिटे ब्लीचच्या पातळ द्रावणात ठेवतात, म्हणजे सोबतचे जिवाणू मरतात आणि ऊसिस्टना काही होत नाही. हे नीट लक्षात घ्या: आपण ज्याला जंतुनाशक म्हणतो ते इथे ऊसिस्ट स्वच्छ करायला वापरतात. मग आम्ल आणि ०.७५ टक्के सोडियम टॉरोकोलेट देऊन ते उघडायला लावायचे आणि पेशींवर सोडायचे. ४८ ते ७२ तासांनी स्लाइड धुऊन, मिथेनॉलने पक्की करून, परजीवीच्या वाढत्या अवस्थांना चिकटणारे चमकणारे प्रतिपिंड लावायचे.

मायक्रोस्कोपखाली काय दिसायला हवे? एकटा चमकता ठिपका म्हणजे संसर्ग नव्हे. तो पेशीला चिकटून राहिलेला स्पोरोझोइट किंवा रिकामे कवच असू शकते. एका ठिकाणाहून पसरलेला ठिपक्यांचा पुंजका दिसला, तरच तिथे वाढ झाली असे धरा. नवशिक्याचा आकडा इथेच चुकतो. म्हणून यूव्ही दिलेल्या नमुन्यात एकट्या ठिपक्यांची संख्या भरपूर आणि पुंजके शून्य असे चित्र दिसले तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. एकाच प्रमाणात टाकू नका. दसपटीने पातळ करत तीन-चार पायऱ्या, प्रत्येकी अनेक खण, आणि किती खण बाधित झाले त्यावरून संभाव्य संख्या काढा. ताज्या, न मारलेल्या ऊसिस्टचा एक संच आणि तापवून मारलेल्यांचा एक संच हवाच. ताजे म्हणजे ताजेच: ४ अंशांवर ठेवले तरी ऊसिस्टची ताकद महिन्यागणिक उतरते. सहा महिने जुन्या साठ्याने प्रयोग केलात तर यंत्र फार गुणकारी वाटेल, आणि ते खोटे असेल.

नवजात उंदीर ही अजूनही तुलनेची कसोटी मानली जाते, पण त्यासाठी प्राणीप्रयोगांची परवानगी, पिंजरे, प्रशिक्षित माणसे लागतात आणि खासगी तपासणी प्रयोगशाळेला ते झेपणारे नाही. शिवाय एक अडचण आहे: माणसांमध्ये फिरणारी क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस ही जात साध्या उंदरांत रुजत नाही. उंदीर ठणठणीत राहिला म्हणून पाणी निर्धोक म्हणणे धोक्याचे. पेशीसंवर्धनात होमिनिस आणि माणसाला बाधणारी दुसरी जात पार्वम, दोन्ही वाढतात.

त्याच ओघात जातीचे पाहा. तुमचे चमकते प्रतिपिंड सगळ्याच जातींना चिकटते. ऊसिस्ट ७ मायक्रॉनच्या पुढे आणि लांबट असतील तर ते गुरांतल्या अँडरसोनी जातीचे असू शकतात, माणसाला त्यांचा त्रास क्वचित. ५ मायक्रॉनच्या आसपास गोल असतील तर पार्वम किंवा होमिनिस धरून चाला आणि १८-एस जनुकाच्या पीसीआरने खात्री करून घ्या. संसर्गक्षमता मोजण्यापूर्वी ही पायरी स्वस्तात पडते.

पीएमए-पीसीआरचे किट? तुमच्या या कामासाठी घेऊ नका. पीएमए फाटलेल्या पटलातूनच आत जातो, प्रकाश दिला की डीएनएला घट्ट बसतो आणि पीसीआर अडवतो. अडचण तीच, नुसता रंग बदलला: यूव्हीने मेलेल्या ऊसिस्टचे पटल शाबूत, म्हणून तो जिवंत मोजला जाणार. गोठवलेल्या किंवा पाश्चरीकरण केलेल्या पदार्थांचे काम तुमच्याकडे वाढले तेव्हा त्या किटचा विचार करा.

मग यंत्राचा निवाडा कसा करायचा? यंत्राकडेच पाहून. मोठी पाणीपुरवठा केंद्रेही रोज ऊसिस्ट मोजून यूव्ही पारखत नाहीत. ती मात्रा पारखतात, आणि मात्रा ठरते प्रकाशाची ताकद, पाण्याची पारदर्शकता आणि प्रवाह यांवर. ग्राहकाकडे जा आणि सुरुवात प्रवाहापासून करा. यंत्राच्या पाटीवर ताशी १००० लिटर लिहिले असेल तर २० लिटरची बादली ७२ सेकंदांच्या आत भरता कामा नये. ती ४० सेकंदांत भरत असेल तर प्रवाह १८०० लिटर झाला, आणि पाटीवरचे ४० मिलिज्यूल सुमारे २२ वर आले. क्रिप्टोला तेही पुरतील, पण दिवा जुना आणि नळीवर क्षार असतील तर पुरणार नाहीत. दिव्याचे आयुष्य साधारण ९००० तास, म्हणजे अखंड चालवला तर वर्षभर. तो निळा दिसतो म्हणून चालू आहे असे धरू नका. दिसणारा निळा उजेड म्हणजे मारणारा प्रकाश नव्हे. क्वार्ट्झची नळी बाहेर काढा. बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरट थर बसतो. तो सायट्रिक आम्लाने काढा, घासू नका.

पारदर्शकता तुमच्याच प्रयोगशाळेत मोजता येते. स्पेक्ट्रोफोटोमीटर २५४ नॅनोमीटरवर लावा आणि १ सेंटिमीटरची क्वार्ट्झ क्युव्हेट वापरा. काचेची किंवा प्लास्टिकची क्युव्हेट स्वतःच हा प्रकाश गिळते आणि पाणी उगाच खराब दिसते. विक्रेत्याने ज्या पारदर्शकतेवर मात्रा सांगितली आहे ती त्याच्याकडून लेखी घ्या आणि तुमच्या आकड्याशी ताडून पाहा. लोह किंवा गढूळपणा असेल तर दोन्हींत मोठी तफावत निघते. वीज जाऊन आल्यावर दिवा तापायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ पाणी अडवणारी विजेवर चालणारी झडप (सोलेनॉइड व्हॉल्व्ह) आहे का, हेही पाहा. नसेल तर दर वीजखंडानंतर कच्चे पाणी पाल्यावर जाते.

जिवंत ऊसिस्ट पाण्यात मिसळून यंत्र तपासण्याचा मोह झाला तर तो ग्राहकाच्या चालू लाइनवर कधीही करू नका. तो प्रयोग बंद प्रयोगशाळेत, समांतर किरणांच्या यूव्ही पेटीखाली, छोट्या भांड्यात करायचा असतो.

यूव्ही ऊसिस्ट निकामी करतो, काढून टाकत नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या १० लिटरमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया नसावेत असे आहे. त्यात जिवंत आणि मृत असा भेद नाही. म्हणून यंत्र कितीही चांगले असो, पुढच्या तपासणीतही ऊसिस्ट दिसतील आणि पाणी मानकात बसणार नाही. यूव्हीच्या आधी १ मायक्रॉनचा गाळण बसवायला सांगा. त्यावर ‘नॉमिनल’ नव्हे, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ लिहिलेले हवे आणि एनएसएफ ५३ मानकाखाली सिस्ट काढण्याचा दावा हवा. नॉमिनल गाळणातून पाच मायक्रॉनचे कणही सुटतात.

मुळात बोअरमध्ये ऊसिस्ट सापडले ही यूव्हीपेक्षा मोठी गोष्ट आहे. खोल जमिनीतले पाणी एकसलग मातीतून गाळून येते आणि त्यात ऊसिस्ट नसावेत. ते आले म्हणजे वरचे पाणी कुठून तरी थेट आत उतरते आहे: केसिंगभोवती (बोअरच्या आतल्या पाइपाभोवती) सिमेंट नाही, तोंड जमिनीच्या पातळीला आहे, शेजारी गटार किंवा गोठा आहे. विश्वामित्रीला पूर आला की काठच्या वस्त्यांत हे फार होते. तोंड उंच करून, भोवती पक्का ओटा घालून, केसिंगची फट बुजवून घ्या.

आता कोथिंबीर. क्लोरीनचा हिशोब कागदावरच करून पाहा. क्रिप्टोच्या हजारातले एकच उरवायला मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले मिनिटे यांचा गुणाकार १५,३०० यावा लागतो, तोही पीएच ७.५ आणि २५ अंशांवर. पाला १०० पीपीएमच्या (लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीनच्या) पाण्यात दोन मिनिटे बुडवला तर गुणाकार २०० होतो. माती आणि पाल्याचा रस क्लोरीन खातात ते वेगळेच. क्लोरीन जिवाणूंसाठी हवे, ते बंद करायला सांगू नका, पण परजीवीसाठी त्यावर विसंबू नका. भरपूर स्वच्छ पाण्यात दोनदा बदलून धुणे, मुळांची माती आधीच कापून टाकणे, यानेच ऊसिस्टांची संख्या घटते. ती शून्य होत नाही, कारण ते पानाच्या छिद्रांत बसतात. पाला तपासायला आयएसओ १८७४४:२०१६ ही पद्धत आहे, पालेभाज्या आणि बेरीवर्गीय फळांसाठी. त्याच पाल्यात सायक्लोस्पोराही शोधा. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या पुएब्ला भागातल्या कोथिंबिरीवर अमेरिकेने याच परजीवीमुळे निर्बंध घातले. त्याची संसर्गक्षमता पेशींत किंवा प्राण्यांत मोजायची सोय नाही. २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये एक-दोन आठवडे उबेला ठेवून आत दोन स्पोरोसिस्ट तयार होतात का, एवढेच पाहता येते.

अहवालात असे लिहा: “१० लिटर पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियमचे इतके ऊसिस्ट आढळले. रंगचाचणीने यूव्हीचा परिणाम समजत नाही, म्हणून संसर्गक्षमतेविषयी मत दिलेले नाही.” टक्केवारी काढून टाका. पाकिटावर ‘थेट खाण्यास तयार’ असे छापलेले असेल तर ते बदलायला ग्राहकाला लेखी सांगा: १९९५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात निम्म्या लोकांना संसर्ग व्हायला १३२ ऊसिस्ट पुरले, आणि पुढे दुसऱ्या एका वाणाचे तर ९ पुरले. लहान मुले, केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले यांना कच्ची चटणी देऊ नये. शिजवलेल्या भाजीत धोका नाही, ७२ अंशांपुढे मिनिटभरात ऊसिस्ट निकामी होतात.

आणि तुमचे टेबल. ब्लीचने पुसून भागणार नाही, ते वर पाहिलेच. ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निदान वीस मिनिटे ओले ठेवा, भांडी ऑटोक्लेव्हमध्ये घाला, हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा. सॅनिटायझर इथे कामाचा नाही. केसिंग आणि गाळणाचे काम झाले की पहिल्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांत पुन्हा १० लिटर घ्या. फटीतून पाणी उतरत असेल तर ते तेव्हाच दिसेल, कोरड्या आठवड्यातला चांगला निकाल काही सांगत नाही.